डॉली पार्टनचे एकच गाणे दोनदा पहिले, व्हिटनीचे सलग 14 आठवडे: या आकड्यांची तुलना करता येते का?

रेडिओवेडी

'आय विल ऑल्वेज लव्ह यू' हे गाणे आपल्यापैकी बहुतेकांना 1992 च्या 'द बॉडीगार्ड' या चित्रपटामुळे आणि व्हिटनी ह्यूस्टनच्या आवाजामुळे ठाऊक असते. मूळ गाणे टेनेसीच्या डॉली पार्टन यांचे असून त्यांनी ते 1973 मध्ये लिहिले व ध्वनिमुद्रित केले. सात वर्षे ज्यांच्या दूरदर्शन कार्यक्रमात त्या गात होत्या, त्या पोर्टर वॅगनर यांची साथ सोडून स्वतंत्र वाटचाल करण्याचा निर्णय त्यांना सांगायचा होता, आणि तोंडी बोलून वादच वाढत असल्यामुळे त्यांनी तो गाण्यातून सांगितला, ही हकिकत त्यांनी अनेक मुलाखतींत दिलेली आहे. म्हणजे आज जे गाणे प्रेमगीत म्हणून ऐकले जाते, ते मुळात कामातल्या सोबत्याचा घेतलेला निरोप आहे.

माझा प्रश्न मात्र गाण्याच्या यशाविषयी आहे. जून 1974 मध्ये हे गाणे बिलबोर्ड या संगीत साप्ताहिकाच्या कंट्री (अमेरिकेतल्या ग्रामीण परंपरेतून आलेल्या संगीताच्या) क्रमवारीत पहिल्या क्रमांकावर आले. 1982 मध्ये 'द बेस्ट लिटल होअरहाउस इन टेक्सस' या चित्रपटासाठी डॉलीबाईंनी ते नव्याने गायले आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ते त्याच क्रमवारीत पुन्हा पहिले आले. एकाच गायिकेने एकच गाणे दोन वेगवेगळ्या ध्वनिमुद्रणांतून कंट्रीच्या शिखरावर नेले, असे त्यापूर्वी कधी घडले नव्हते. तरीही सर्व प्रकारच्या गाण्यांची जी मुख्य क्रमवारी, म्हणजे 'हॉट 100', तिच्यात 1982 चे ध्वनिमुद्रण 53 व्या क्रमांकापर्यंतच पोहोचले. पुढे दहा वर्षांनी व्हिटनीच्या आवाजात तेच गाणे त्याच 'हॉट 100' मध्ये सलग 14 आठवडे पहिल्या स्थानावर राहिले.

यावरून मूळ गाण्याचे यश मर्यादित होते असे मानावे का? की कंट्रीमधले पहिले स्थान आणि 'हॉट 100' मधले पहिले स्थान या मुळातच वेगळ्या गोष्टी आहेत? आणि या सगळ्यात गाणे लिहिणाऱ्या बाईंच्या पदरात नेमके काय पडले? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

नोंदवही

प्रश्न चांगला आहे, कारण क्रमवारीचे आकडे उद्धृत करणारे पुष्कळ असतात, पण ते कसे मोजले गेले हे विचारणारे फार थोडे.

'हॉट 100' ऑगस्ट 1958 मध्ये सुरू झाली आणि पुढची तीन दशके तिचा आधार तोंडी किंवा लेखी अहवाल हाच होता. कोणत्या तबकड्या अधिक खपल्या हे ठरावीक दुकानदार कळवत, कोणती गाणी अधिक वाजवली हे ठरावीक नभोवाणी केंद्रे कळवत, आणि त्यावरून दर आठवड्याची यादी तयार होई. आपल्याकडे बिनाका गीतमालेची पायदानेही विक्रेत्यांच्या आणि श्रोता संघांच्या कळवण्यावरच ठरत असत, तसाच हा प्रकार. कळवणाऱ्या माणसाची आवड, आळस, तबकडी कंपनीच्या प्रतिनिधीशी असलेली मैत्री, हे सगळे त्या आकड्यांत मिसळलेले असे. शिवाय एखादे गाणे शिखरावर पोहोचले की कंपनीला त्याच गायकाचे पुढचे गाणे पुढे रेटायचे असे, त्यामुळे वर गेलेले गाणे चटकन खाली उतरे. कंट्री क्रमवारीत तर 1980 च्या दशकाच्या आरंभी बहुतेक गाण्यांच्या वाट्याला पहिले स्थान जेमतेम एक आठवडा येत असे. डॉलीबाईंच्या दोन्ही ध्वनिमुद्रणांचे यश या रीतीच्या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे.

30 नोव्हेंबर 1991 च्या अंकापासून 'हॉट 100' ची पद्धत बदलली. दुकानाच्या गल्ल्यावर पट्टीसंकेत (बारकोड) वाचून झालेली प्रत्यक्ष विक्री 'साउंडस्कॅन' या यंत्रणेतून मोजली जाऊ लागली, आणि नभोवाणीवर गाणे किती वेळा वाजले हे संगणक ऐकून नोंदवू लागला. परिणाम असा झाला की लोकांना खरोखर आवडलेले गाणे महिनोन्महिने जागचे हलेना. एल्व्हिस प्रेस्लीच्या 1956 मधल्या जोडतबकडीचा, म्हणजे 'हॉट 100' च्या आधीच्या यादीतला, 11 आठवड्यांचा विक्रम साडेतीन दशके टिकून होता. तो 1992 मध्ये 'बॉइज टू मेन' या गटाने 13 आठवडे पहिले राहून मोडला, आणि हा नवा विक्रम जुना होण्याआधीच व्हिटनीने 14 आठवड्यांपर्यंत मजल मारली. पद्धत बदलल्यानंतरच्या पहिल्या पंधरा महिन्यांत हे दोन्ही विक्रम घडले, हा योगायोग मानता येणार नाही. म्हणूनच 1974 चा एक आठवडा आणि 1992-93 चे 14 आठवडे एकाच फूटपट्टीने मोजणे मला योग्य वाटत नाही.

आणखी एक गोष्ट कंट्री संगीताशी थेट निगडित आहे. हीच नवी मोजणी संपूर्ण अल्बमांच्या क्रमवारीला मे 1991 मध्ये, म्हणजे काही महिने आधी लागू झाली होती. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये गार्थ ब्रुक्स यांचा 'रोपिन द विंड' त्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झाला, आणि कंट्री गायकाच्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडले. मोठ्या शहरांतल्या तबकडी दुकानांकडे पाहून अंदाज बांधणाऱ्यांना लहान गावांतल्या बाजारांत कंट्रीची विक्री किती आहे याची कल्पनाच नव्हती. 1970 च्या दशकातले कंट्री गाणे मुख्य क्रमवारीत दिसत नाही, याचा अर्थ ते कोणी विकत घेत नव्हते असा लावताना हे ध्यानात ठेवावे.

दूरदेशी

मी टेनेसीतच राहतो, त्यामुळे या गाण्याची ऐकीव माहिती येथे जागोजागी मिळते. ज्या आरसीए स्टुडिओ बी मध्ये ते ध्वनिमुद्रित झाले, तो नॅशव्हिलच्या म्युझिक रो भागात आजही उभा आहे आणि कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमतर्फे तो लोकांना दाखवला जातो. सुरुवातीच्या काळात उशीर झाल्यामुळे घाईघाईने आलेल्या डॉलीबाईंची मोटार या इमारतीच्या भिंतीवर आदळली होती, आणि विटांवरची ती खूण मार्गदर्शक आवर्जून दाखवतात. आत शिरले की जागा किती लहान आहे याचेच नवल वाटते.

प्रश्नातल्या तिसऱ्या भागाविषयी, म्हणजे पैशाविषयी लिहितो, कारण माझ्या मते या गाण्याची खरी गोष्ट क्रमवारीपेक्षा तिथे आहे.

अमेरिकेत गाण्याचे हक्क दोन निरनिराळ्या ठिकाणी असतात. रचनेचा हक्क, म्हणजे शब्द आणि चाल यांचा, गीतकार व त्याचा प्रकाशक यांच्याकडे असतो, तर ध्वनिमुद्रणाचा हक्क बहुधा तबकडी कंपनीकडे. रचनेपोटी येणारे उत्पन्न रूढीप्रमाणे गीतकार आणि प्रकाशक यांच्यात निम्मे-निम्मे वाटले जाते. डॉलीबाईंनी आपल्या गाण्यांचे प्रकाशन स्वतःच्या हाती ठेवले होते. त्यामुळे दोन्ही हिस्से त्यांच्याच घरी जात.

गाणे कंट्रीमध्ये गाजल्यावर एल्व्हिस प्रेस्लीला ते गाण्याची इच्छा झाली. ध्वनिमुद्रणाची तयारीही झाली, आणि अगदी शेवटच्या क्षणी त्याचे व्यवस्थापक कर्नल टॉम पार्कर यांनी डॉलीबाईंना कळवले की प्रकाशनहक्काचा निम्मा वाटा दिल्याशिवाय एल्व्हिस कोणतेही गाणे गात नाही. त्यांनी नकार दिला. त्या रात्री आपण रडून काढली, असे त्या स्वतः सांगतात. 1974 मध्ये एल्व्हिसला नाही म्हणणे म्हणजे हाती आलेली लक्ष्मी परत पाठवणे, असेच नॅशव्हिलमधल्या अनेकांना वाटले असणार. व्हिटनीचे ध्वनिमुद्रण आल्यावर मात्र, आता आपण एल्व्हिसचा ग्रेसलँड वाडाही विकत घेऊ शकू इतके पैसे मिळाले, असे त्यांनी हसत हसत सांगितले.

हे पैसे इतके का मिळाले, याचेही एक कारण सांगण्याजोगे आहे. अमेरिकेच्या कायद्यानुसार साध्या नभोवाणी केंद्रावरून गाणे वाजले की मोबदला फक्त रचनाकाराला व प्रकाशकाला मिळतो. बीएमआय, एस्कॅप यांसारख्या संस्था तो गोळा करून वाटतात. गाणाऱ्याला त्या वाजण्याबद्दल एक पैसाही मिळत नाही. म्हणजे 1992-93 च्या हिवाळ्यात देशभरातली केंद्रे दिवसरात्र व्हिटनीचा आवाज ऐकवत होती, तेव्हा त्या प्रत्येक वेळेचा मोबदला डॉली पार्टन यांच्या खात्यावर जमा होत होता. व्हिटनीला अर्थातच तबकड्यांच्या विक्रीतून भरपूर मिळाले, आणि ती विक्री अफाट होती. 'द बॉडीगार्ड' चा अल्बम 1992 च्या नाताळच्या सुमारास एकाच आठवड्यात 10 लाखांहून अधिक खपला, आणि साउंडस्कॅनच्या नोंदींमध्ये तोवर असे झाले नव्हते. या गाण्याच्या मोबदल्यातून आपण नॅशव्हिलमधल्या एका कृष्णवर्णीय वस्तीत जागा घेतली आणि ती व्हिटनीनेच उभारलेली वास्तू आहे असे आपण मानतो, हे डॉलीबाईंनी 2021 मध्ये एका कार्यक्रमात सांगितले होते.

रेडिओवेडी

दोन्ही प्रतिसाद अत्यंत उपयुक्त आहेत. दूरदेशी, एक उपप्रश्न आहे. माझ्या समजुतीप्रमाणे अमेरिकेत एकदा प्रसिद्ध झालेले गाणे दुसऱ्या कोणीही गायचे ठरवले तर ठरलेले शुल्क भरून त्याला ते गाता येते, मूळ गीतकाराची परवानगी लागत नाही. तसे असेल तर पार्कर यांना विचारण्याची गरजच काय होती?

दूरदेशी

तुमची समजूत बरोबर आहे. 1909 च्या कायद्यापासून ही सक्तीच्या परवान्याची तरतूद आहे, आणि 1977 अखेरपर्यंत ते शुल्क प्रत्येक तबकडीतल्या प्रत्येक गाण्यामागे 2 सेंट एवढेच होते. कायद्याने पाहिले तर एल्व्हिस हे गाणे तसेच गाऊन मोकळा होऊ शकला असता आणि डॉलीबाईंना ते अडवता आले नसते.

पण पार्कर यांचा व्यवहार कायद्यावर चालत नसून वजनावर चालत होता. एल्व्हिसने गायले की लाखो प्रती खपणार हे उघड होते, तेव्हा नव्या गीतकारांना निम्मे हक्क सोडून देणेही फायद्याचेच वाटे. निम्म्याशिवाय गायचेच नाही, हा नियम एकदा मोडला असता तर पुढच्या प्रत्येक गीतकाराने तेच उदाहरण पुढे केले असते. म्हणून गाणे सोडले, पण नियम सोडला नाही. डॉलीबाईंची बाजू वेगळी होती. गाणे त्यांच्या आवाजात आधीच पहिल्या क्रमांकावर जाऊन आलेले होते, त्यामुळे ते अनोळखी गीतकाराचे कोरे बाड राहिलेले नव्हते. कंट्रीच्या क्रमवारीतला तो एक आठवडा त्यांना नकार देण्याचे बळ देऊन गेला, असे मला वाटते. शिवाय त्या वेळी दिलेला वाटा पुढे कोणीही गायले तरी गेलेलाच राहिला असता, व्हिटनीच्या वेळीसुद्धा.

चित्रपटात गाणे वापरायचे असेल तर मात्र ही सक्तीची सवलत लागू होत नाही, तिथे हक्कदाराशी स्वतंत्र करार करावाच लागतो. हिंदी-मराठी चित्रपटांचे गीतकार व संगीतकार यांना रॉयल्टीचा जो हक्क स्वतःहूनही सोडून देता येऊ नये अशी तरतूद आपल्याकडे 2012 च्या दुरुस्तीने झाली, तिच्यामागची अडचण याच जातीची होती: समोरचा बलाढ्य असला की गीतकार सही करून मोकळा होतो.

तारषड्ज

नोंदवही यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, परंतु सगळे श्रेय मोजणीच्या यंत्राला देणे मला पटत नाही. त्याच यंत्राने त्याच काळात शेकडो गाणी मोजली, त्यांतली 14 आठवडे टिकली किती? दोन्ही ध्वनिमुद्रणे पाठोपाठ ऐकली तर त्यांच्या यशातला फरक कानालाही कळतो.

डॉलीबाईंचे 1974 चे गाणे तीन मिनिटांच्या आत आटोपते. गिटार हलकी, मागे स्त्री-पुरुष आवाजांची साथ, आणि गायिकेचा आवाज जवळजवळ कुजबुजल्यासारखा. तिसरे कडवे त्या गात नाहीत, तर बोलतात. समोरच्याला सुख लाभो अशा शुभेच्छा देणारे ते कडवे आहे, आणि संगीत मागे चालू ठेवून ते साध्या बोलण्यात म्हणणे ही कंट्रीतली जुनी रीत आहे. ज्या श्रोत्यांना ती रीत परिचित होती, त्यांना तिथे गलबलून आले असेल. पण पॉपच्या केंद्रावर, दोन नाचाच्या गाण्यांच्या मध्ये, हे बोलणे कानात शिरणेसुद्धा कठीण. म्हणून 'हॉट 100' मधले अपयश हे गाण्याचे अपयश नसून ते वेगळ्या श्रोत्यांसाठी बेतलेले होते, एवढाच त्याचा अर्थ.

'द बॉडीगार्ड' साठी आधी दुसरेच जुने गाणे ठरले होते. ते त्याच सुमारास दुसऱ्या एका चित्रपटात वापरले गेल्यामुळे बदलावे लागले, आणि चित्रपटाचे नायक केव्हिन कॉस्नर यांनी हे गाणे सुचवले. आरंभीची ओळ कोणत्याही वाद्याविना गावी हा आग्रहही त्यांचाच. निर्माते डेव्हिड फॉस्टर यांच्यासमोर नमुना होता तो लिंडा रॉन्स्टॅट यांच्या 1975 च्या गायनाचा, आणि त्यात ते तिसरे कडवे नव्हते. फॉस्टर यांनी सांगितलेली हकिकत अशी की, डॉलीबाईंशी फोनवर बोलताना त्यांना त्या कडव्याचा पत्ता लागला आणि त्यांनी ते घेतले. ते नसते तर व्हिटनीच्या गाण्याचा सर्वांत गाजलेला क्षणही नसता. दुसऱ्या कडव्यानंतर सॅक्सोफोन येतो, मग व्हिटनी ते शुभेच्छांचे कडवे हळुवार गाते, सगळे थांबते, ढोलाचा एकच ठोका पडतो आणि आवाज एकदम वरच्या पट्टीत ध्रुवपदावर झेप घेतो. जिथे डॉलीबाईंनी गाणे सोडून बोलणे धरले, तिथेच व्हिटनीच्या गाण्याने सगळी ताकद साठवली. दोघींनी एकाच कडव्याचा अगदी उलट उपयोग केला आहे.

जाता जाता: चित्रपटात नायक-नायिका साध्या गुत्त्यात नाचतात त्या प्रसंगी हेच गाणे एका पुरुषाच्या आवाजात, कंट्रीच्या ढंगात वाजते. 'एक्स' या पंक गटाच्या जॉन डो यांनी ते गायले आहे. गाणे कुठून आले याची आठवण चित्रपटाने तेवढी राखली आहे, पण प्रेक्षकांचे तिकडे लक्ष जात नाही.

नोंदवही

तारषड्ज यांचा आक्षेप मान्य आहे. यंत्र गाणे गाजवत नाही, गाजलेले किती काळ गाजते आहे एवढेच ते दाखवते. माझे म्हणणे इतकेच होते की 1974 मध्ये तेवढेच दाखवणारे काही अस्तित्वात नव्हते.

ही मोजणी पुढेही बदलत राहिली आणि प्रत्येक वेळी 'कंट्रीमध्ये पहिला' याचा अर्थही बदलला. जानेवारी 1990 पासून कंट्री क्रमवारी फक्त कंट्री केंद्रांवरच्या यांत्रिक नोंदीवर चालली. ऑक्टोबर 2012 मध्ये तिच्यात डाउनलोड, ऑनलाइन ऐकणे आणि पॉप केंद्रांवरचे वाजणेही धरू लागले, तर केवळ कंट्री केंद्रांसाठी 'कंट्री एअरप्ले' ही वेगळी यादी ठेवण्यात आली. परिणामी जी गाणी पॉप केंद्रेही उचलून धरतात, ती कंट्रीच्या यादीत ठाण मांडून बसू लागली. 2017-18 मध्ये बीबी रेक्सा आणि फ्लोरिडा जॉर्जिया लाइन यांचे 'मेंट टू बी' तब्बल 50 आठवडे पहिले होते. डॉलीबाईंच्या दोन आठवड्यांशेजारी हा आकडा मांडून कोणी निष्कर्ष काढू लागले, तर त्याला काय म्हणावे?

रेडिओवेडी यांनी मांडलेल्या प्रश्नाची उलटी बाजू पाहायची असेल तर 2023 चे उदाहरण घ्यावे. ट्रेसी चॅपमन यांचे 1988 चे 'फास्ट कार' कंट्री गायक ल्यूक कोम्ब्स यांनी गायले. ते 'कंट्री एअरप्ले' मध्ये पहिले आले आणि 'हॉट 100' मध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. कंट्रीच्या केंद्रांवर एकटीने लिहिलेले गाणे पहिल्या क्रमांकावर नेणारी पहिली कृष्णवर्णीय गीतकार स्त्री, हा मान त्यामुळे चॅपमन यांच्याकडे आला, आणि कंट्री म्युझिक असोसिएशनचा त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट गीताचा पुरस्कारही त्यांनाच मिळाला. ते गाताना कोम्ब्स यांनी शब्द तसेच ठेवले होते.

रेडिओवेडी

सर्वांची मनापासून आभारी आहे. आज मूळ ध्वनिमुद्रण आणि 1982 चे, दोन्ही शोधून ऐकले. 1982 च्या ध्वनिमुद्रणात वाद्यमेळ भरगच्च आहे आणि मला ते थोडे डावे वाटले, तरी आठ वर्षांनी क्रमवारीत त्यालाही पहिले स्थान मिळाले, हे विशेष.

दूरदेशी

डॉलीबाईंचा तिसरा प्रयत्नही ऐकून पाहा. 1995 मध्ये त्यांनी विन्स गिल यांच्यासोबत हे गाणे युगुलगीत म्हणून गायले आणि ते कंट्री क्रमवारीत 15 व्या क्रमांकापर्यंत गेले. पहिल्या क्रमांकाची ख्याती त्याला मिळाली नाही, त्यामुळे ते फारसे कोणी शोधत नाही. मला स्वतःला दोन आवाजांतला तो निरोप 1982 च्या ध्वनिमुद्रणापेक्षा अधिक पसंत आहे. तारषड्ज यांचे मत वेगळे असणार याची खात्री आहे.

तारषड्ज

वेगळेच आहे. निरोप एकाने घ्यायचा असतो. दोघे मिळून तो गाऊ लागले तर जातो कोण आणि मागे राहतो कोण, हेच कळेनासे होते. विन्स गिल यांच्या आवाजाबद्दल माझी तक्रार नाही.